खिळा

वाळपई सोडून नगरगावच्या रस्त्याला लागलं
की डावीकडे आमची काजूची फॅक्टरी.
चव्वेचाळीस बायका, सात पुरुष, एक बॉयलर,
आणि वडिलांच्या खुर्चीत मी.

गेल्या वर्षी पणजीहून प्रशिक्षक बोलावला.
दिवसाचे अठरा हजार, जेवण वेगळं.
त्याने पडद्यावर डोंगर दाखवला, टोकावर झेंडा,
म्हणाला, माणसाला आतून वर चढायचं असतं.
पुढच्या रांगेतल्या बायका
रोज पहाटे डोंगर उतरूनच कामाला येतात.
त्या गप्प बसल्या. चहा बरा होता.

त्याच्याच सल्ल्याने फोटो लावला,
'या महिन्याची उत्तम कामगार':
द्वारका माजीक, सव्वीस वर्षं प्रतवारीच्या टेबलावर.
सोनेरी चौकट. खिळा मी स्वतः ठोकला.

तिसऱ्या दिवशी ती केबिनच्या दारात.
"तो फोटो काड रे पुता.
वणटीर मेल्ल्यांचे फोटो लायतात.
हांव अजून जिती आसां."
आणि मग, जरा खालच्या आवाजात,
तीन दिवस टेबलावर कोणी तिला
आपल्या डब्यातलं लोणचं दिलं नव्हतं.

चौकट उतरवली. खिळा राहिला.

"मग तुला हवं तरी काय?" मी विचारलं,
पगारवाढीचा आकडा मनात तयार ठेवून,
जरा कमीच.
तिने मुठीतल्या दोन बिया माझ्यापुढे ठेवल्या.
"हातूंतली करपट खंयची?"
मला दोन्ही सारख्या.
तिने त्या माझ्या खिडकीपाशी नेल्या,
उत्तरेच्या, जिच्यावर पडदा ओढून
मी एसी लावून बसतो.
पडदा सारला. एका बीच्या पाठीवर
बशीला राहतो तसा चहाचा डाग.
"ट्यूबखाला सगळ्योच गोऱ्यो दिसतात."

आधी बोलली का नाहीस?
"बोल्लें मगे. तुज्या बापायक.
तो म्हणालो, बाय, तूं बियो वेंच."

मी लगेच खिडकी दिली असं नाही.
बँकेचा माणूस आला तर बसवू कुठे,
या एका प्रश्नावर तीन आठवडे काढले.
तेवढ्यात मडगावच्या व्यापाऱ्याने
नऊ डबे परत पाठवले, आत चिठ्ठी: रंग बघा.
आता तिथे प्रतवारीचं टेबल आहे,
आणि मी वजनकाट्याशेजारी, पंख्याखाली.
बँकेचा माणूस आला. स्टुलावर बसला. काजू खाल्ले.

काट्याजवळ बसलं की ऐकू येतं.
भागी झोरे कोणाला तरी विचारत होती,
बॉयलरचा परवाना बाईला देतात काय?
मला माहीत नव्हतं. देतात.
फोंड्याला वर्ग, एक सोडून एक शनिवार,
पगार न कापता.
वाफेचा काटा ती चुलीवरच्या दुधासारखा बघते,
उतू जायच्या आधी.

सगळं असं गोड नाही.
दोघी शिकल्या आणि होंड्याला
औषधकंपनीत गेल्या, जास्त पैशांवर.
पहिलीच्या वेळी मी रात्रभर हिशेब केला.
दुसरीने जायच्या आधी महिनाभर
मावसबहिणीला शेजारी बसवून हात शिकवला
आणि मला शेवटच्या दिवशी सांगितलं.

प्रशिक्षकाचा फॉर्म अजून खणात आहे,
एक ते पाच गुण द्या.
त्याचे दोन फोन आले.
त्याचा डोंगर खोटा होता असं मी म्हणणार नाही,
फक्त मी पायथ्याला खिडकी अडवून बसलो होतो.

पाचच्या भोंग्यानंतर इथे कोणी थांबत नाही.
पूर्वी ते मला टोचायचं.
द्वारका मांडीवरची साल झटकते,
पाच दहाची कदंबा गाठायला निघते,
मागे बघत नाही. का बघावं?

खिळ्यावर हल्ली एक छत्री असते.
कोणाची, ते विचारलेलं नाही.